कोपरापासून नमस्कार

आपल्याकडे नमस्कार दोन ठिकाणांहून होतो. मनगटापासून केला तर तो नमस्कार, आणि कोपरापासून केला तर पाणउतारा. दोन्ही हात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एकमेकांना चिकटवायचे, मान तुकवायची आणि म्हणायचं, "धन्य आहे बाबा तुझी!" जेवायला येऊन मुक्काम ठोकणाऱ्या मेहुण्याला, उद्या येतो म्हणून गायब होणाऱ्या सुताराला आपण हाच नमस्कार घालतो. बास्केटबॉलचे नियम लिहिणाऱ्यांच्या देशात ही सोय नसावी. त्यांच्या पुस्तकात टोमण्यांचं आहे, हातवाऱ्यांचं आहे, प्रेक्षकांना चिथावण्याचं आहे, पण कोपराचं काही नाही. ते कलम आमच्या नगर जिल्ह्यात मी घातलं. कोचनं मनगटापासून हात जोडले तर हसून पुढे जायचं, कोपरापासून जोडले तर शिट्टी वाजवून टेक्निकल द्यायचा. नव्या पंचांना मी हे हात जोडून दाखवून शिकवायचो.

या कलमामुळे जिल्ह्यातले कोच मला माझ्या पाठीमागे 'टेक्निकल भालेराव' म्हणतात. तोंडावर 'भालेराव साहेब' म्हणतात, पण त्या 'साहेब'मधलं कोपर मला ऐकू येतं.

नोकरी माझी एसटीत, श्रीरामपूर डेपोच्या टायर विभागात. बास्केटबॉल शिकलो तो मिशन कंपाउंडच्या सिमेंटच्या मैदानावर. उंची पुरली नाही म्हणून खेळाडू झालो नाही, आवाज मोठा होता म्हणून पंच झालो. शनिवार-रविवारी ड्यूटी बदलून घ्यायची, पिशवीत काळी पँट, करडा शर्ट आणि शिट्टी टाकायची आणि मिळेल त्या गाडीनं सामन्याला जायचं. घरून विचारायचे, "पोटाला काय देतात तिथं?" तर शिव्या देतात, असं सांगायचो.

टेक्निकल म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खेळाडूनं खेळाडूला ढकललं तर तो साधा फाऊल. पण कुणी खेळाचा किंवा पंचाचा मान सोडून वागलं, तर पंच दोन्ही तळहातांचा इंग्रजी 'टी' करून दाखवतो. तो टेक्निकल. कोचला दिला तर समोरच्या संघाला एक मोफत फेक मिळते, कुणी अडवायला नाही, काही नाही. एकाच सामन्यात कोचला दुसरा मिळाला तर त्यानं मैदानाबाहेर चालू पडायचं. म्हणजे वागतो कोच आणि भोगतात त्याची पोरं. म्हणून हा टेक्निकल देताना पंचाचा हात जड व्हायला पाहिजे. माझा कधी झाला नाही, असं लोक म्हणतात.

पण मी काही उठसूट देत नव्हतो. कोच आपल्या बाकापुढे उभा राहून ओरडला, कपाळावर हात मारून घेतला, पोरीला म्हणाला, "अगं ए, झोपलीस व्हय?" तर ते त्याचं त्याच्याशी चाललेलं असतं. त्यात आपण पडायचं नाही. माझ्या एखाद्या निर्णयावर एकदा ओरडला तरी कान बंद ठेवायचे, कारण जीव तुटत असतो माणसाचा. तेच पुन्हा पुन्हा करायला लागला तर जवळ जाऊन समज द्यायची. पण सगळ्या मैदानाला दिसेल अशा बेतानं त्यानं पंचाला खाली पाडलं, तर तिथं समज नाही. त्यावेळी सोडला तर पुढचा सामना पंचाच्या हातात राहत नाही.

आता यात भाषेची गंमत असते. एकदा बाहेरच्या जिल्ह्यातून एक पंच आले होते. पाथर्डीकडच्या एका शाळेचे कोच, माणूस एकदम गरीब, त्यांच्या पोरानं हातातला चेंडू घालवला तसे ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "मायला, गेला की!" त्या पंचांनी ताडकन टेक्निकल दिला. कोच बिचारे माझ्याकडे बघायला लागले. "आवो, मी कुनाला काय म्हनलो?" मी त्या पंचांना बाजूला घेऊन सांगितलं, साहेब, आमच्याकडे चपलेचा अंगठा तुटला तरी माणूस मायला म्हणतो, ही शिवी नाही, हा उसासा आहे. पण एकदा दिलेला टेक्निकल परत घेता येत नाही. समोरच्या पोरानं फेक टाकली, आणि ती नेमकी गेली. मायला, असं मीही म्हणालो, पण हळू.

याच्या उलट सुप्याचा किस्सा. तिथल्या कारखान्यांच्या आपसातल्या स्पर्धेत एका संघाचा कोच म्हणून तिथलाच एक मॅनेजर उभा होता. शर्टाला इस्त्री, तोंडात साखर. आवाज चढवायचा नाही, हातवारे नाहीत. फक्त मी जवळून पळालो की हळूच म्हणायचा, "सर, रिस्पेक्ट आहेच, पण तुम्ही नक्की पाहिलंत ना?" पुन्हा पळालो की पुन्हा तेच. अख्खा अर्धा वेळ ऐकलं मी ते. त्यात शिवी नाही, कोपर नाही, धरायचं काय? मग मी त्याला सांगितलं की साहेब, आता पुरे. तो म्हणाला, "शुअर, सर. पण नक्की पाहिलंत ना?" दिला. पिरपिर हेही कारण आहे, पुस्तकातच आहे. त्या माणसानं माझी तक्रार जिल्हा संघटनेकडे केली, आणि संघटनेनं मला बोलावून विचारलं की भालेराव, इतक्या सभ्य माणसाला कसा काय दिलात?

पुढच्या वर्षी त्याच माणसाच्या सामन्याला रेवती पंच होती. त्यानं तिच्यासाठी स्वतः उचलून खुर्ची आणून ठेवली.

आता या रेवतीबद्दल लिहायचं, तर आधीच सांगून टाकतो, मी तिच्यावर जळतो. काल जळत होतो, आज जळतो. ती नगरला दातांची डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि रविवारी मैदानावर तोंडं बंद करायची, असा तिचा धंदा. तिला शिट्टी धरायला मी शिकवली. दातात धर, ओठात नको, हे दातांच्या डॉक्टरला मी सांगितलं! खेळ कुठून बघायचा, कोचकडे पाठ कधी करायची, कोपर आणि मनगट, सगळं माझं. आणि या बाईनं इतक्या वर्षांत एकाही कोचला टेक्निकल दिला नव्हता. द्यावाच लागला नव्हता. माझ्या अंगावर धावून येणारे बोके तिच्यापुढे मांजरं व्हायचे.

सामना संपला की तिला बशीतून चहा आणि बिस्किटं. मला कागदी कपात, तोही गार. तिला कुणीतरी गाडीनं घरापर्यंत सोडायचं आणि मला म्हणायचे, "साहेब, तुम्हाला स्टँड माहीतच आहे." का नसणार? एसटीत हाडं झिजवली. पण विचारायला काय जातं?

सगळ्यात जास्त जळफळाट व्हायचा तो पारनेर तालुक्यातल्या खोसे सरांमुळे. खोसे म्हणजे एका खेड्यातल्या शाळेचे पीटीचे मास्तर. पावसावर अवलंबून असलेल्या गावात, जिथं मैदानालाही पाणी मारायला मिळत नाही, तिथं या माणसानं मुलींचा असा संघ उभा केला की नगरच्या इंग्रजी शाळांना घाम फुटावा. माणूस मोलाचा, पण जीभ कात्रीसारखी. मला बघितलं की त्यांच्या अंगात यायचं. "काय ओ भालेराव साहेब, आमच्या पोरी काय पान्यात पडल्या व्हय? सगळ्या शिट्ट्या हिकडंच?" मग कोपर. मग टेक्निकल. पारनेरच्या सामन्याला मी असलो की हे ठरलेलंच, सत्यनारायणाला प्रसाद असावा तसं.

आणि तेच खोसे रेवतीला मनगटापासून, मान वाकवून, "रामराम म्याडम."

ती त्यांना करते तरी काय? खेळ थांबला की ती शांतपणे त्यांच्या बाकाजवळ जायची, काहीतरी बोलायची आणि खोसे खाली बसायचे. मला वाटायचं, दात फुकट बसवून देते म्हणते की काय! एकदा न राहवून मी त्यांच्या जवळ जाऊन बुटाची नाडी सोडली आणि बांधायला वाकलो. तेव्हा ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "काका, पोरी बघतायत."

बस्स. तीन शब्द. मी मनात म्हटलं, हात्तिच्या! हे तर मीही म्हणू शकतो. पुढच्याच महिन्यात श्रीरामपूरला खोसेंचा सामना माझ्याकडे आला. त्यांची पहिली ठिणगी उडाली तसा मी गेलो त्यांच्याजवळ. आवाज मऊ केला. माझ्या वयाच्या माणसाला काका म्हणता येईना, म्हणून म्हणालो, "खोसे सर, पोरी बघतायत."

"बघू द्या की!" खोसे कडाडले. "त्यान्ला बी कळू द्या पंच कसा नसावा ते!"

बाकावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मी टेक्निकल दिला.

त्या संध्याकाळी घरी बूट काढताना मी बडबडत होतो. माझी बायको शांता शेंगा निवडत होती. म्हणाली, "तुम्ही त्या पोरीवर जळता."

"मी? जळतो?"

"मग काय ओवाळता? दर रविवारी चर्चमध्ये दहा आज्ञा म्हणता ना? दहावी आठवते का? शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको?"

"ती शेजाऱ्याच्या बैलाबद्दल आणि गाढवाबद्दल आहे," मी म्हणालो. "शिट्टीबद्दल नाही."

"तुमच्यासाठी घालायला पाहिजे होती," ती म्हणाली आणि हसत आत गेली.

यंदा माझं वय संघटनेच्या अटीत बसेनासं झालं. गुडघ्यांनी तर त्याआधीच हात टेकले होते. एसटीतूनही सुटलो होतो. तेव्हा मुलींच्या जिल्हा स्पर्धेचा नगरचा अंतिम सामना हा माझा शेवटचा सामना. सामन्याला दोन पंच असतात, त्यातला एक मुख्य. मला वाटलं, शेवटचा आहे, मुख्य मलाच करतील. यादी वाचली, तर मुख्य पंच रेवती, दुसरा पंच भालेराव. सेक्रेटरी वर म्हणाले, "भालेराव, मनाला लावून घेऊ नका. पण पाहुणे येणारेत मोठे. यंदा ते टेक्निकल-बिक्निकल नको हां. जाताना गोडीनं जा."

मी हो म्हणालो. राग आला होता, पण रागापेक्षा मोठी एक हौस मनात उठली. वाटलं, ठीक आहे. एक सामना, शेवटचा, मी रेवतीसारखा करून दाखवतो. कोच काहीही करो, माझा हात टी करणार नाही. लोकांनी एकदा तरी म्हणावं, भालेराव काय शांत पंच होता हो. मला तेवढं पाहिजे होतं, दुसरं काही नको.

एका बाजूला नगर, दुसऱ्या बाजूला पारनेर. म्हणजे खोसे.

सामना अटीतटीचा झाला. पारनेरच्या पोरी जीव खाऊन खेळत होत्या, आणि खोसे सुरुवातीपासून मला तोंडी लावत होते. "साहेब, चष्मा घरी राहिला व्हय?" सोडलं. "साहेब, टायरमदी हवा भरा आन् पळा जरा!" गॅलरीत हशा. सोडलं. रेवतीनं एकदा जाऊन ते तीन शब्द टाकले, खोसे तेवढ्यापुरते बसले. मी आतून उकळत होतो, पण चेहरा असा ठेवला होता, जसा काही फोटोला बसलोय.

शेवटचं मिनिट सुरू झालं. पारनेर एका गुणानं मागे. त्यांची कर्णधार चेंडू घेऊन घुसली, थबकली आणि फेकायच्या आधी तिचं पाऊल सरकलं. चेंडू हातात धरून थांबल्यावर टेकलेलं पाऊल हलवता येत नाही. मी अगदी तिच्यासमोर होतो. शिट्टी वाजवली, चेंडू नगरला दिला. निर्णय शंभर टक्के बरोबर होता, आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

खोसे बाकापुढे आले. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मला कळलं काय येतंय ते. दोन्ही कोपरं जुळवली, हात डोक्याच्या वर नेले, आणि एकट्या मला नाही, आधी गॅलरीला, मग पाहुण्यांना आणि मग वळून मला, असा सगळ्या मैदानाला दाखवून नमस्कार घातला. "धन्य हाय बाबा भालेराव! कोपरापासून नमस्कार तुला!"

'तुम्ही' म्हणाले नाहीत, 'तू' म्हणाले. सगळं मैदान हसलं. पाहुणेसुद्धा.

यापेक्षा उघडा टेक्निकल मी आयुष्यात पाहिला नव्हता. हा मुद्दाम केलेला होता, सगळ्यांना दाखवून केलेला होता, आणि माझ्याच कलमातला होता. माझे हात आपोआप वर यायला लागले होते. मी ते खाली घेतले. खोसेंकडे पाठ केली आणि चेंडू उचलायला चाललो. वाटलं, झालं, जिंकलास भालेराव. एवढं गिळलंस, आता काही सेकंद उरलेत.

आणि माझ्या मागून शिट्टी वाजली.

वळून बघतो तर रेवती. पलीकडच्या रेषेवरून चालत आली, दोन्ही तळहात वर केले, टी. बोट खोसेंकडे.

खोसेंचे हात अजून जोडलेलेच होते. ते म्हणाले, "म्याडम, आवो, तुमाला न्हाई केला! त्यान्ला केला!"

"म्हणूनच, सर," रेवती म्हणाली. काका नाही, सर.

मी दिला असता तर इथं खुर्च्या उडाल्या असत्या, अर्ज गेले असते, पाहुणे उठले असते. पण खोसेंनी हात सोडले, बाह्या खाली केल्या आणि जाऊन बसले. नगरच्या मुलीनं फेक टाकली, ती गेली. पुढे काही झालं नाही. पारनेर दोन गुणांनी हरलं. पोरी रडायला लागल्या, तेव्हा खोसे त्यांना म्हणाले, ते मी या कानांनी ऐकलं. "गप, रडू नका. म्याडमनी दिला म्हंजी माजंच चुकलं आसंल."

माझे इतके टेक्निकल खाल्ले या माणसानं, एकदाही त्याला असं वाटलं नाही.

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा अभिमान-बिभिमान काही वाटला नाही. संताप झाला. अपमान कुणाचा? माझा! गिळला कुणी? मी! आणि त्यावरची शिट्टीही हिनंच वाजवावी? शेवटच्या सामन्यात माझ्या नावावर एक शांतपणा जमा होणार होता, तोही हिनं नेला.

सह्या झाल्या, पाहुण्यांनी करंडक दिला, मैदान रिकामं झालं. रेवती बाकावर बसून बूट काढत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"मी सोडला होता तो," मी म्हणालो.

"पाहिलं मी."

"मग तू का मध्ये पडलीस? तो माझा होता."

तिनं एक बूट काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सर, तुम्हाला काय वाटतं, मला इतकी वर्षं टेक्निकल का द्यावा लागला नाही?"

"तुझी जीभ गोड आहे म्हणून."

"जीभ गोड असून काय होतंय? मी काका म्हणून बोलायला गेले की त्यांना माहीत असायचं, हिचं ऐकलं नाही तर पलीकडे भालेराव उभा आहे. तुम्ही ज्या सामन्यात नसायचात ना, त्यातही तुमची भीती असायची. तुम्ही वाईट झालात म्हणून मला चांगलं राहता आलं. पुढच्या वर्षी तुम्ही नाही. मग आता वाईट कुणी व्हायचं? मलाच व्हावं लागणार. म्हटलं, तुम्ही मैदानावर आहात तोवर एकदा करून बघावं."

"हात थरथरत होता तुझा," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते, मी पाहिलं होतं.

"लई," ती म्हणाली. ही डॉक्टरीणबाई, पण 'लई' म्हणाली.

तिनं दुसरा बूट काढला, चपला घातल्या आणि विचारलं, "घरी सोडू का तुम्हाला? गाडी आणलीय." मी म्हणालो, नको, श्रीरामपूर लांब पडतं, मला स्टँड माहीत आहे. ती म्हणाली, ते मला माहितीय, चला.

राहुरीच्या पुढे तिनं चहाला गाडी थांबवली. बशीतून चहा आला, मलाही. मी खिडकीतून बाहेर बघत हिशेब लावत होतो की ही खरं बोलली का म्हाताऱ्याची समजूत काढली. अजून मला ते कळलेलं नाही. शांताला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आता तरी जीव थंड झाला ना? सुटलात ना एकदाचे त्या जळण्यातून?"

हो म्हणायला हवं होतं. पण पुढच्या मोसमाचे सामने लागतील, रेवती पिशवीत शिट्टी टाकून निघेल, आणि पलीकडच्या रेषेवर तिच्यासोबत जो कुणी नवा पोरगा उभा राहील, त्या गाढवाचा मला आत्तापासून हेवा वाटतो.